दोन इमारतींमधली हवा आणि दुरुस्तीचे पैसे

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून चाळीस मजली टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये. त्यावरून जो वाद पेटला, तो मुंबईत दर पुनर्विकासाला पेटतोच. एकीकडे चाळीतला गणपती, उघडी दारं, वाटीभर साखर अशा आठवणींचे उमाळे. दुसरीकडे ‘मग तुम्हीच या राहायला, सकाळी संडासाच्या रांगेत उभं राहायला’ हा रोखठोक टोला. टोला मारणाऱ्यांचं बरोबर आहे. माझ्यासारख्यानं ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नात बसून चाळीच्या नावानं गहिवरणं तर शुद्ध ढोंग ठरेल. पण दोन्ही बाजू चौरस फुटांभोवतीच फिरत राहतात. दोन इमारतींमध्ये अंतर किती आणि वीस वर्षांनी दुरुस्तीला पैसे कुठून येणार, हे दोन आकडे कुणी विचारत नाही. व्हिएन्नाची गृहनिर्माणातली कीर्ती मात्र नेमकी याच दोन आकड्यांवर उभी आहे.

ही तुलना ओढूनताणून केलेली नाही. दोन्ही शहरांनी एकाच दशकात, पहिल्या महायुद्धानंतर, कामगारांसाठी घरं बांधली. मुंबईत गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी, निघालं. शहरात येणाऱ्या कापसावर गाठीमागे एक रुपया कर बसवला, कर्ज उभारलं आणि ५० हजार खोल्यांची योजना आखली. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या, खोल्या साधारण १६ हजार. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, मधोमध पॅसेज, सामाईक संडास. भाडं परवडेना आणि वरळी गिरण्यांपासून लांब, म्हणून कित्येक खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. १९३० च्या सविनय कायदेभंगात सरकारनं वरळीच्या चाळींत तात्पुरता तुरुंग थाटला. घर म्हणून ज्याला गिऱ्हाईक मिळेना ते कोठडी म्हणून चाललं, यात त्या नकाशाबद्दल बरंच काही आलं.

व्हिएन्नाच्या नगरपालिकेनं १९२३ मध्ये घरांवर चढत्या दराचा कर लावला. सर्वांत महागड्या अर्ध्या टक्के मालमत्तांकडून त्यातले जवळपास ४५ टक्के पैसे आले. त्यातून १९३४ पर्यंत ६० हजारांवर घरं उभी राहिली. बांधकामाचा खर्च भाड्यातून वसूल करायचा नाही असं ठरलेलं असल्यामुळे भाडं कामगाराच्या पगाराच्या चार टक्क्यांच्या आसपास राहिलं. घरांची सुरुवातीची मापं होती ३८ आणि ४८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४०९ आणि ५१७ चौरस फूट. वरळीत २०२५ साली मिळालेलं घर शंभर वर्षांपूर्वीच्या त्या मापाएवढंच आहे. संडास आणि पाण्याचा नळ घरात होता, न्हाणीघर नव्हतं. आंघोळीला वसाहतीतल्या स्नानगृहात जायचं. तेव्हा ५०० फूट थोडे म्हणून वरळीला कुणी नाक मुरडू नये.

फरक आहे तो नकाशात. त्याआधीच्या व्हिएन्नात खाजगी मालक प्लॉटच्या ८५ टक्के भागावर इमारत चढवू शकत. अंगण म्हणजे नुसता हवेचा खड्डा, नळ आणि संडास बाहेर पॅसेजमध्ये. पालिकेनं स्वतःवर ५० टक्क्यांची मर्यादा घालून घेतली. कार्ल एन यांनी आखलेल्या कार्ल मार्क्स होफमध्ये (१९२७ ते १९३०) तर १,३८२ घरं असूनही जमिनीच्या पाचव्या भागाहून कमी जागेवर बांधकाम आहे; बाकी सगळं अंगण. लांब पॅसेजही काढून टाकले. अंगणातून जिन्यात शिरायचं आणि प्रत्येक मजल्यावर जिन्याभोवती मोजकी घरं. जिने वाढले, खर्चही वाढला, पण घरांची दारं काळोख्या बोळात उघडेनाशी झाली.

आता मुंबई. गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळीत गॅलरी एका बाजूला असते. दार गॅलरीत, खिडकी मागे, त्यामुळे वारा आरपार. बीडीडीत पॅसेज मधे आला आणि वारा अडला. नव्या टॉवरांतही बहुधा लिफ्ट-लॉबी मधे आणि फ्लॅट चहूबाजूंनी, म्हणजे बऱ्याच घरांना एकाच भिंतीला खिडक्या. साधा ठोकताळा असा: खिडक्या एकाच बाजूला असतील तर खोलीच्या उंचीच्या दोन-अडीच पटींपर्यंतच हवा खेळते, समोरासमोर असतील तर पाच पटींपर्यंत. नऊ फुटी छताखाली याचा अर्थ २२ फूट किंवा ४५ फूट. मुंबईच्या घामट मे महिन्यात एसीचं बिल ठरतं ते इथं. कोपऱ्यातल्या फ्लॅटसाठी लॉटरीत देव पाण्यात घालून बसतात ते उगीच नाही.

अंतराचं गणित याहून कठोर आहे. डिसेंबरात मुंबईतला दुपारचा सूर्य साधारण ४७ अंशांवर असतो. सात मजली, २१ मीटर उंच इमारतीच्या उत्तरेला दुसरी इमारत असेल, तर तिच्या तळमजल्याच्या खिडकीत दुपारचं ऊन पडायला मधे १८ मीटर हवेत. मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड आणि गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत हे अंतर तीन मीटरच्या आसपास आहे. तिथं खालच्या खिडकीतून ८० अंशांवर मान टाकल्याशिवाय आकाश दिसत नाही. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा, आणि या वसाहतींच्या अभ्यासात अपुऱ्या उजेड-हवेचा संबंध क्षयरोगाशी जोडला गेला आहे. वरळीला समुद्राचा वारा आहे, जागाही मोठी आहे. तिथं असं होणार नाही. पण इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत सवलत घेऊन उरकलेला प्रत्येक छोटा प्लॉट त्याच वाटेनं चालला आहे. त्या सवलतीबद्दल सोसायटीच्या सभेत चकार शब्द निघत नाही, आणि घराचा कार्पेट एरिया दहा फुटांनी वाढवून मिळावा म्हणून मात्र रात्री दोन वाजेपर्यंत भांडण.

दुसरा आकडा पैशांचा. भाडं गोठवण्याचं पाप दोन्ही शहरांनी केलं. व्हिएन्नात १९१७ मध्ये भाडेकरूंना संरक्षण मिळालं आणि महागाईच्या आगीत १९१४ च्या पातळीवरच्या भाड्याची किंमत शून्यावर आली. मुंबईनं १९४७ च्या कायद्यानं १ सप्टेंबर १९४० चं भाडं धरून ठेवलं. सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये ते अवाजवी ठरवलं, तेव्हा ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढ दिली. दीडशे रुपये भाड्यावर चार टक्के म्हणजे सहा रुपये. मालकानं दुरुस्ती सोडली, पागडीवर, म्हणजे खोली देताना घेतलेल्या रकमेवर जगला. भाडेकरूनं छताला टेकू लावला आणि वाट पाहत राहिला. १९६९ च्या कायद्यानं दुरुस्ती मंडळ आलं, जुन्या इमारतींवर उपकर बसला, पण तो मंडळाच्या सामाईक तिजोरीत जातो. आपल्या इमारतीतून किती गेला आणि किती परत आला, हे रहिवाशाला कळायची सोय नाही.

व्हिएन्नानं इथं वेगळी वाट धरली. १९८२ पासूनच्या भाडे कायद्यानं घरांचे अ ते ड दर्जे केले. घरात संडास किंवा पाणी नाही ते ‘ड’. किमान ३० चौरस मीटर, स्वयंपाकघर, संडास, न्हाणी आणि हीटिंग असलेलं ‘अ’. सुरुवातीला जसा दर्जा तसं भाडं होतं. खरी मेख पुढं आहे: मालकाला मागच्या दहा वर्षांच्या भाड्याचा इमारतवार हिशेब ठेवावा लागतो आणि मोठी दुरुस्ती आधी त्यातून करावी लागते. ते पुरलं नाही तर तो मंडळापुढे जाऊन ठरावीक मुदतीपुरती भाडेवाढ मागू शकतो, पण ती त्या दुरुस्तीपुरतीच. पाणी, कचरा, जिन्याची झाडलोट हा चालू खर्च वेगळा; दुरुस्ती त्यात घुसडता येत नाही.

याला १९८४ मध्ये स्थापन झालेल्या शहराच्या निधीतून अनुदानाची जोड मिळाली. रहिवासी आत असतानाच इमारत सुधारायची, अशी ती पद्धत. आधी रिकामी घरं दुरुस्त करायची. मग एका जिन्यातली माणसं तात्पुरती तिथं हलवायची, नवे पाइप उभ्या डक्टमधून वर न्यायचे, पॅसेजमधला संडास लगतच्या घरात ओढून घ्यायचा, दोन ‘ड’ घरांचं एक ‘अ’ घर करायचं आणि लिफ्ट अंगणात बाहेरून जोडायची. ज्याला आपल्या घरात हात लावू द्यायचा नाही, त्याचं घर सोडून बाकीचं काम चालतं. कार्ल मार्क्स होफमध्येही अशीच छोटी घरं जोडली आणि संख्या १,३८२ वरून १,२७० च्या आसपास आली.

इथं व्हिएन्नाभक्तांना थांबवायला हवं. दोन घरांचं एक करता आलं, कारण शहर रिकामं होत होतं: १९१० मध्ये वीस लाखांवर असलेली वस्ती १९८० च्या दशकात पंधरा लाखांवर आली होती. लालबागला मजल्यावरच्या निम्म्या कुटुंबांना कुठं पाठवणार? संक्रमण शिबिरात गेलेल्यांच्या तिथं दोन-दोन पिढ्या गेल्या आहेत. शिवाय व्हिएन्नाचं पालिकेचं घर नवख्याला सहज मिळत नाही. शहरात काही वर्षं सलग नोंद हवी; तोवर खाजगी बाजारात मुदतीच्या करारावर राहायचं. आणि ते घर कधी आपलं होत नाही. गिरणी संपानंतर हातात काहीच न उरलेल्या कुटुंबाला मालकीचे ५०० फूट ही एकमेव पुंजी आहे. त्याला ‘भाड्यानंच राहा, कायदा सांभाळेल’ असं सांगायला जीभ रेटत नाही. त्या कायद्यानं मुंबईत काय सांभाळलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

मग घेण्यासारखं काय? पालिकेच्या सर्व्हेत सी-१, म्हणजे धोकादायक, ठरलेली इमारत पाडायलाच हवी. पण सी-२बी, म्हणजे रिकामी न करता दुरुस्त होणारी, आणि सी-३, म्हणजे किरकोळ दुरुस्तीची, या चाळींत घरातला संडास हीच मुख्य मागणी असते. ती पुरवण्याची चुकीची रीत सर्रास चालते: लाकडी तुळयांवर मोरी उंच करून, ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा भरून संडास बसवायचा. २५० मिलिमीटर कोबा चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या घरात जातो. राहत्या खोलीच्या लाकडी मजल्यावर माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला दोनशे किलोच धरलेले असतात. त्यात गळती लागली की तुळईचं भिंतीतलं टोक कुजतं, आणि मजला खचतो तो तिथूनच. बरी रीत म्हणजे मागच्या बाजूला स्वतंत्र पायावर संडासांचा उभा मनोरा, जुन्या भिंतीपासून २५ ते ५० मिलिमीटर फट सोडून, पाइप उघडे, उतार साधारण चाळीसात एक. भर घालावीच लागली तर सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या तुकड्यांची. मागे गल्ली नसेल तर हे जमत नाही, आणि गिरगावात बऱ्याच ठिकाणी नाही. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मात्र कुठेच मारू नये. ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे निघतात.

टॉवरवाल्यांचा हिशेब वेगळा. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम) पाव टक्का. चौरस फुटाला चार हजार रुपये खर्च धरला तर ५०० फुटांच्या घराचे २० लाख. त्यावर वर्षाला २० हजार, म्हणजे महिन्याला १,६६७ रुपये. यात लिफ्टची वीज, पंप, वॉचमन काहीच नाही. चाळीस मजल्यांना वेट रायझर (आग विझवायचा पाण्यानं भरलेला उभा पाइप), फायर पंप, रेफ्युज मजले (आगीत आसऱ्याला थांबायची जागा) लागतात आणि अग्निशमन कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत परवानाधारकाकडून तपासणीचा दाखला. पहिली काही वर्षं यंत्रं नवी असतात, त्यामुळे निधी कापला तरी चालेल असं वाटतं. वीस-पंचवीस वर्षांनी सगळ्या लिफ्ट एकदम बदलायला येतात, आणि तेव्हा तिसाव्या मजल्यावरच्या आजींना ‘वर्गणी काढू’ म्हणून भागत नाही. हा निधी पहिल्या महिन्यापासून वेगळ्या खात्यात पडावा आणि त्याचा इमारतवार हिशेब दर वर्षी नोटीस बोर्डावर लागावा, एवढी अट ताबापत्रातच घालून घेता येते. त्यासाठी एफएसआय, म्हणजे वाढीव बांधकामाचा हक्क, लागत नाही.