निळ्या-पिवळ्या तोंडाचा हिप्पी

परवा एका लेखात वाचलं की जुन्या अमेरिकन मालिकांनी हिप्पींचं नशापाणी 'जसं होतं तसं' दाखवलं. हे काही पटलं नाही बुवा. 'ड्रॅगनेट' या पोलिसी मालिकेचा एलएसडीवरचा, म्हणजे भास घडवणाऱ्या नशेच्या द्रव्यावरचा, भाग आठवा. १२ जानेवारी १९६७ ला एनबीसी वाहिनीवर लागलेला. तोंड निळं-पिवळं रंगवलेलं पोरगं, डोकं जमिनीत खुपसून बसलेलं! शेवटी ओव्हरडोस होऊन मरतंच. आज बघताना हसू आवरत नाही, पण तेव्हा घरोघरच्या आईबापांच्या पोटात गोळा आला असणार. नुसत्या एलएसडीच्या ओव्हरडोसनं मरणं ही फारच दुर्मिळ गोष्ट. खरे बळी पुढे घेतले ते स्पीड (ॲम्फेटामीन) आणि हेरॉइननं.

गंमत म्हणजे त्यानंतर दोनच दिवसांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कात 'ह्यूमन बी-इन' या हिप्पींच्या मेळाव्याला हजारो पोरं जमली. शहरातल्या हेट-ॲशबरी या हिप्पी वस्तीत डिगर्स नावाची मंडळी रोज फुकट जेवण वाढत होती. त्याच जूनमध्ये तिथे मोफत दवाखाना निघाला, बिघडलेल्या ट्रिपवाल्यांना (नशेत घाबरलेल्यांना) पोलिसात न देता सांभाळणारा. यावर कुणी मालिका काढायची! पण कॅमेऱ्याला फक्त रंगीत दिवे, मणी आणि वेड्यासारखं हसणं हवं असतं.

बाकी १९६६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात एलएसडीवर बंदी आली, ते त्या भागात कथानकातच गुंफलंय. तेवढं मात्र त्यांनी चोख केलंय. अर्थात पोलिसांच्या बाजूनंच.