दशा

माझं ब्लँकेट काल कुत्र्यांच्या खोक्यात गेलं. शाळेत टेबलावर दोन खोकी होती. एकावर अस्वलाचं चित्र, ते हॉस्पिटलातल्या मुलांसाठी. दुसऱ्यावर पंजाचा ठसा. बाईंनी माझं ब्लँकेट दोनदा पसरून बघितलं, गोड हसल्या आणि पंजाकडे वळल्या.

लेकीच्या शाळेचा उपक्रम. पत्रकावर लिहिलेलं : 'शिवण नाही! एका संध्याकाळचं काम!' फ्लीसचे, म्हणजे मऊ लवदार कापडाचे, दीड-दीड यार्डाचे दोन तुकडे आणायचे, काठ छाटून एकावर एक ठेवायचे, कोपऱ्यांतून चार-चार इंचांचे चौकोन उडवायचे. मग चारी बाजूंनी इंच-इंच रुंदीच्या, चार इंच खोल पट्ट्या कापायच्या आणि वरची पट्टी खालचीला बांधायची. माझं कापड ५८ बाय ५४ इंच होतं. म्हणजे गाठी १९२. लेकीनं ११ मारल्या आणि ती झोपायला गेली. ह्याला शाळा 'कुटुंबाने एकत्र घालवलेला वेळ' म्हणते.

तेवढ्यात शेजारच्यांचे वडील आले. अण्णा. सोलापूरला चादरीच्या मागावर पस्तीस वर्षं काढलेला माणूस, सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीत कोंडलेला.

"काय करायलायत ओ हे?"

"ब्लँकेट, अण्णा. बिनशिवणीचं."

"मग जोडणार कशानं?"

"गाठी मारून."

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. "गाठ दिसली की आमचा तपासणारा चादर बाजूला टाकायचा. पैसे कापायचे आमचे. आन् तुम्ही मुद्दाम मारताय?"

"ती फॅशन आहे. कडेला दशा सोडल्यासारखं दिसतं."

हा शब्द मी उच्चारायला नको होता.

"दशा म्हणजे ताण्याची, उभ्या धाग्यांची टोकं. बाणा, म्हणजे आडवा धागा, संपतो, त्याच्या पुढं उरतात ती. ह्यात ताणा दाखवा बघू." त्यांनी चष्मा चढवला, कापड दिव्याकडे धरलं, कडेचा धागा नखानं ओढून पाहिला. निघेना. मी समजावलं, की हे मोज्यासारखं फाशांनी विणतात आणि मग ब्रश फिरवून लव काढतात, म्हणून कापलं तरी धागे सुटत नाहीत, म्हणूनच शिवावं लागत नाही.

"म्हणजे बनियनचं कापड."

"तसंच."

"सुती?"

"पॉलिएस्टर. पाण्याची बाटली असते ना, त्याच जातीचं."

अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग एक पट्टी दोन बोटांत धरून म्हणाले, "दशा नव्हेत ओ ह्या. चिंध्या हैत."

विषय बदलावा म्हणून मी त्यांना पॅटरसनचं सांगितलं. इथून तासाभरावर रेशमाच्या गिरण्यांचं गाव होतं. दोनाऐवजी चार माग सांभाळा म्हणून मालक मागे लागले, तेव्हा १९१३ साली विणकरांनी मोठा संप केला. अण्णा एकदम खुलले. "एका माणसाला चार? मिळालं काय त्यांना?" नाही मिळालं, म्हटलं. "नाहीच मिळत," ते म्हणाले आणि बाह्या सरसावून जमिनीवर बसले. "सरका तिकडं."

त्यानंतर त्यांनी ज्या गाठी मारल्या, त्या हत्ती बांधायच्या होत्या. आधी स्वतःच्या दोन बाजू केल्या. मग माझ्या ढिल्या गाठी 'कच्च्या' ठरवून एकेक सोडवल्या आणि पुन्हा मारल्या. रात्री साडेअकरा वाजता मी त्यांना कात्री, नंतर आयोडेक्स पुरवत होतो. माझ्याच घरात मी हेल्पर.

फ्लीस ताणतं. गाठ करकचून आवळली की कड गोळा होते. आमच्या तर चारही कडा गोळा झाल्या आणि ब्लँकेटची परात झाली. शाळेतल्या टेबलावर ते सपाट बसेचना. बाई कडा दाबायच्या, ते पुन्हा उठायचं. खरं सांगतो, तेवढ्या पैशात दुकानात दोन तयार ब्लँकेटं आली असती, सपाट, आणि दोन आजारी पोरांना मिळाली असती. पण मग पालकांचा सहभाग कुठे दिसला असता? शाळेला ब्लँकेट नकोच असतं. तिला माझी शनिवारची संध्याकाळ हवी असते.

आज सकाळी अण्णा कुंपणापाशी उभेच होते.

"तपासणारा काय म्हणाला?"

"बाई होत्या. म्हणाल्या, गाठी फार मजबूत आहेत."

"असणारच की." ते वळले आणि दोन पावलांवर थांबले. "मी ऑक्टोबरपर्यंत हाय. अजून दोन-चार कापून ठेवा."