‘विंडोजला लावा आणि कॉपी करा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : जुन्या फ्लॉप्या वाचायला मी लिनक्स, इमेज फाइल (अख्ख्या फ्लॉपीची हुबेहूब नक्कल), डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून डेटा काढणारा प्रोग्रॅम) असला खटाटोप सांगून लोकांना उगाच घाबरवतो. स्वस्तातला यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह घ्यावा, विंडोज ११ ला लावावा, कॉपी-पेस्ट करावं. फॉर्मॅट करायचं का असं विचारलं तर फ्लॉपी गेली समजून टाकून द्यावी.

फ्लॉपी साडेतीन इंची, १.४४ एमबीची आणि धडधाकट असेल तर तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. विंडोज ११ आजही तिला ए ड्राइव्ह म्हणून दाखवतं, ड्रायव्हर शोधावा लागत नाही. तिथे माझं कुणी ऐकू नये.

माझा सगळा जीव अडकलाय तो तुमच्या शेवटच्या वाक्यात. अशा फ्लॉपीत ५१२ बाइटचे २,८८० सेक्टर, म्हणजे साठवणीचे छोटे कप्पे, असतात. पहिला बूट सेक्टर, म्हणजे फ्लॉपीची ओळख सांगणारा, त्यानंतर फाइल कुठे-कुठे आहे हे सांगणारा फॅटचा तक्ता, नऊ सेक्टरांचा. लगेच त्याच तक्त्याची दुसरी प्रत, पुन्हा नऊ. सुरुवातीचा तो एक सेक्टर वाचला गेला नाही तरी विंडोज फॉर्मॅट मागतं, आणि मागे सगळा मजकूर जसाच्या तसा असू शकतो. त्या चौकटीत ‘हो’ म्हटलं की मात्र संपलं. म्हणून आधी फ्लॉपीची खिट्टी सरकवून छिद्र उघडं करायचं, म्हणजे तिच्यावर काही लिहिलंच जात नाही, आणि मग इमेज घ्यायची. डीडीरेस्क्यू चांगला भाग आधी उचलतो, बिघडलेल्या सेक्टरांकडे नंतर वळतो आणि काय राहिलं ते मॅपफाइलमध्ये लिहून ठेवतो. तीच फ्लॉपी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून फक्त राहिलेले सेक्टर मागता येतात. एका ड्राइव्हने नाकारलेला सेक्टर दुसरा बिनतक्रार वाचतो, हे वारंवार घडतं. एक्सप्लोररची कॉपी यातलं काहीच करत नाही, अडली की अडली.

घाई नको म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे, बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत वर्षानुवर्षं कपाटात पडलेली फ्लॉपी असेल तर शटर बोटाने सरकवा, मागची धातूची चकती हळूहळू फिरवा आणि उजेडात बघा. पांढुरके ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नका. बुरशी ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे फ्लॉपी वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि तेच हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर चरे पाडतं. खरखर ऐकू आली तर ताबडतोब थांबा, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

मॅकच्या जुन्या ८०० केबीच्या फ्लॉप्या यूएसबी ड्राइव्हला समजतच नाहीत, सव्वापाच इंची तर त्यात बसतही नाहीत. त्यांना ग्रीझवीझलसारखं (जुना ड्राइव्ह यूएसबीने संगणकाला जोडणारं) बोर्ड आणि जुना ड्राइव्ह लागतो. तरी त्या खराब नसतात.

आणि फाइल उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसला, तरी डेटा गेला असं धरू नका. तेव्हाचा मजकूर श्रीलिपी, आकृती अशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला असायचा. तो फॉन्ट किंवा कन्व्हर्टर मिळाला की वाचता येतो.

फॉर्मॅट मागणाऱ्या काही फ्लॉप्या तुम्ही बाजूला काढल्यात, असं लिहिलंय. टाकल्या नसतील तर कृपा करून ठेवा. इमेज घ्या, मॅपफाइल मला पाठवा, पुढे काय करता येईल ते आपण मिळून बघू.