खुलासा : सर्वांत तरुण विजेता ओकाडा नव्हे, नाकामुरा

काझुचिका ओकाडा हा न्यू जपान या जपानी व्यावसायिक कुस्ती कंपनीचा सर्वांत तरुण आयडब्ल्यूजीपी हेवीवेट विजेता, म्हणजे तिच्या मुख्य किताबाचा पट्टा जिंकणारा, असं सगळीकडे फिरतंय. हे चूक आहे. १२ फेब्रुवारी २०१२ ला ओसाकात त्याने तेव्हाच्या विजेत्या हिरोशी तानाहाशीला हरवून पट्टा जिंकला, तेव्हा तो २४ वर्षं ३ महिन्यांचा होता. शिन्सुके नाकामुराने ९ डिसेंबर २००३ ला हा पट्टा जिंकला तो २३ वर्षं ९ महिन्यांचा असताना, आणि तेही पदार्पणानंतर जेमतेम सव्वा वर्षात!

घोळ होतो तो न्यू जपानच्याच जी वन क्लायमॅक्स या दरवर्षीच्या स्पर्धेमुळे. २०१२ च्याच ऑगस्टमध्ये ओकाडाने ती साखळी स्पर्धा जिंकली आणि तिथला सर्वांत तरुण विजेता ठरला. तो विक्रम खरा. पट्ट्याचा मान मात्र नाकामुराचाच, तो त्यालाच द्यायला हवा.