आत्या, ते नाणं घासू नकोस

रविवारी सकाळी आत्याचा फोन आला. "अरे, अण्णांच्या डब्यातली नाणी काढलीत. चिंच-मीठ लावून लख्ख केली. आता सांग, यातल्या कुठल्याचे लाख येतील?"

मी हात जोडले. फोनवर दिसत नाहीत, तरी जोडले.

कारण तो मेसेज मलाही तीन ग्रुपांतून आला होता. 'टांकसाळीची चूक असलेलं नाणं घरात आहे का? खुणा ओळखा, लाखो कमवा.' पुढे खुणा: नाणं आधी घासून स्वच्छ करा म्हणजे चूक दिसेल, पलटल्यावर मागची बाजू उलटी दिसली तर लाख, वर्षाखाली तारा असेल तर लाख, भोक, कापलेली कड, उलटी अक्षरं, दोन्हीकडे एकच छाप, अर्धवट अक्षरांची शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं), सगळ्याला लाख. शेवटी एक नंबर आणि 'नोंदणी फी भरा'.

पहिल्या खुणेवरच माझं डोकं फिरलं, कारण तिनं आमच्या घरात खरं नुकसान केलंय. तांब्याच्या नाण्यावर जो चॉकलेटी-काळपट थर बसतो तो मळ नव्हे. तांबं हवेशी रुळत गेलं की तो दशकानुदशकं हळूहळू चढतो, आणि खालच्या धातूला जपतो. चिंचेतलं आम्ल तो थर तर खातंच, वरून छापाचे बारीक उंचवटेही बोथट करतं. काथ्यानं घासलं तर समांतर ओरखडे पडतात, ते भिंगाखाली नांगरलेल्या शेतासारखे दिसतात. आत्यानं घासलेला 1862 चा व्हिक्टोरिया राणीचा पाव आणा आता नव्या नळाच्या तोटीसारखा गुलाबी झालाय. संग्राहक तो हातात घेईल आणि एका क्षणात खाली ठेवेल. चांदीचा रुपया राखेनं घासला तरी तेच. म्हणजे 'चूक शोधा' म्हणणाऱ्या मेसेजनंच चांगल्या नाण्याला खराब करून ठेवलं.

दुसरी खूण तर विनोद आहे. भारतीय प्रजासत्ताकाच्या नाण्यांवर दोन्ही छाप एकाच दिशेनं उभे असतात. वहीचं पान उलटतो तसं डावीकडून उजवीकडे नाणं पलटा, मागची बाजू सरळ दिसेल. तेच वरून खाली पलटलं तर ती उलटीच दिसणार! तुमच्या खिशातलं, माझ्या खिशातलं, भाजीवाल्याच्या गल्ल्यातलं, सगळंच. मेसेजमधल्या व्हिडिओत तो गडी वरून खालीच पलटतोय. या हिशेबानं अख्खा देश लखपती झाला. (साचा खरोखर फिरून तिरकी छपाई होते, ही चूक खरी आहे. पण त्यासाठी आधी नाणं नीट पलटायला हवं.)

ताऱ्याबद्दल दोनच वाक्यं. वर्षाखालचा तारा म्हणजे हैदराबादची टांकसाळ, चौकटच्या पत्त्यासारखी खूण म्हणजे मुंबई, टिंब म्हणजे नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. ती चूक नसून टांकसाळीचा पत्ता आहे.

आता मूळ मुद्दा, जो त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. धातूच्या पट्टीतून गोल चकती कापतात, तिची कड दाबून उचलतात, मग दोन साच्यांमध्ये ठेवून एकच दणका देतात. बिघाड त्या दणक्याआधी किंवा दणका बसताना झाला, तर ती टांकसाळीची चूक. नाणं बाहेर पडल्यानंतर जे झालं, रेल्वेच्या रुळावर ठेवलं, हातोडी मारली, कानसलं, ते नुसतं नुकसान. ओळखायला एकच प्रश्न पुरतो: धातू कुठे गेला?

कापलेली कड घ्या. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर पुढची चकती आधीच्या भोकावर चढून कापली जाते आणि एका बाजूनं चंद्रकोरीसारखी कातरते. अशी चकती कड उचलणाऱ्या यंत्रात गेली की कातरलेल्या जागी दाब मिळत नाही, म्हणून बरोबर समोरच्या बाजूची कडही फिकी, सपाट राहते. संग्राहक याला ब्लेक्स्ली परिणाम म्हणतात. कात्रीनं किंवा कानशीनं तुकडा काढणाऱ्याला समोरची कड फिकी करायचं सुचत नाही. तिथे कड ठणठणीत असते, आणि कापल्या जागी धार लागते.

उलट्या अक्षरांचंही तसंच. आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं तर पुढच्या चकतीवर त्याच नाण्याचा आरशातला, खोल गेलेला ठसा उमटतो. त्या बाजूचा खरा छाप तिथे मुळीच नसतो, कारण साचा तिला भिडलेलाच नसतो. पण लोहाराच्या शिकंज्यात दोन नाणी धरून दाबली, तर मूळ छाप चेपलेल्या अवस्थेत खाली दिसत राहतो आणि त्यावर उलटी अक्षरं रुततात. शिवाय दाबाचा मार मागच्या बाजूलाही बसतो. मेसेजमधला फोटो मोठा करून पाहिला. सिंहाच्या तोंडावर उलटं '1' रुतलंय आणि सिंह पण तिथेच आहे. बिचारा.

दोन्हीकडे एकच छाप? बहुतेकदा जादूगाराचं नाणं. एक नाणं पोखरून त्यात दुसरं कातून बसवलेलं असतं, कडेच्या आत नखाला सांधा लागतो. फरशीवर टाका, खणखणीत वाजत नाही, आणि सराफाच्या काट्यावर वजनही चुकण्याची शक्यता मोठी.

भोकाबद्दल थोडं माघार घेतो, कारण आत्यानं मला तिथे पकडलं. "पण आपला भोकाचा पैसा?" हो, 1943 ते 1947 मधला पैसा टांकसाळीतूनच भोक घेऊन आला. युद्धात तांबं वाचवायला तसा घडवलेला, म्हणून मुकुट आणि अक्षरं भोकाभोवती नेमकी बसवलेली. चूक नाहीच ती. उलट चांदीच्या रुपयाला भोक दिसलं तर ते बहुधा कुणाच्या तरी गळ्यातल्या माळेसाठी पाडलेलं असतं. अक्षर मधोमध तुटतं आणि भोकाच्या कडेला धातू उसवलेला असतो. घराण्याची आठवण म्हणून ठेवा. बाजारात मात्र किंमत उतरते.

शिवराईवर 'श्री राजा शिव' पुरतं दिसत नाही, म्हणून ती चुकीची? शिवराई हातानं, घणाच्या घावानं पाडत. साचा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा, तुकडा पूर्ण गोलही नाही. अक्षरं कडेबाहेर जाणं हा तिथला नेम. उलट सगळी अक्षरं आलेली शिवराई मिळाली तर तिला जास्त मान.

आता कुरकुरत कबूल करतो: टांकसाळीच्या खऱ्या चुकांना संग्राहक दर्शनी किमतीपेक्षा जास्त पैसे देतात. काही नाणी चूक नसतानाही खरोखर दुर्मीळ आहेत, जसा सहाव्या जॉर्जचा 1939 चा चांदीचा रुपया. पण म्हणूनच शेवटचा आकडा कोरून '39' करणारेही निघतात. तिथेही तोच प्रश्न, आकड्याभोवतीचा धातू खरवडलाय का?

राहिली नोंदणी फी. इथे माझा शब्द नको, रिझर्व्ह बँकेचा घ्या. 4 ऑगस्ट 2021 च्या पत्रकात बँकेनं स्पष्ट म्हटलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही, कधी कसलं शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि आपल्या वतीनं असं शुल्क घ्यायला कोणत्याही संस्थेला वा व्यक्तीला अधिकार दिलेला नाही. मेसेजमधल्या त्या नंबराच्या डीपीवर बँकेचंच बोधचिन्ह होतं. आत्या दोन हजार भरणार होती, फक्त तिला यूपीआय पिन आठवत नव्हता. देवाची कृपा.

डबा आता माझ्याकडे आहे. न घासलेली नाणी एकेक करून कागदी पाकिटात घातली, कडेला धरून. संध्याकाळी तिचा परत फोन. "तो पाव आणा परत काळा कधी होईल रे?"

म्हटलं, "होईल. मी तुझ्या वयाचा होईन तोवर."