जोड कुणी लावली, विचारू नका

सांगलीत राहून सुपरहिरोचा सिनेमा सुखानं बघायचा असेल, तर पहिलं पथ्य पाळा: तालमीतल्या वस्तादांना थेटरात नेऊ नका. त्यांना जोड बघून कुस्ती लावायची सवय. साठ किलोचं पोरगं शंभर किलोवाल्यापुढं उभं केलं, तर मैदानात हलगीवालासुद्धा हात आवरता घेतो. सिनेमात जोड पटकथाकार लावतो, आणि तो वजन न बघता घड्याळ बघतो.

आता हल्क घ्या, मार्व्हलच्या सिनेमातला तो हिरवा, राक्षसी ताकदीचा गडी. २०१२ च्या 'ॲव्हेंजर्स'मध्ये अंगावर आलेला लेव्हायथन नावाचा अजस्र उडता प्राणी त्यानं एका बुक्कीत थोपवला. २०१८ च्या 'इन्फिनिटी वॉर'मध्ये सुरुवातीलाच खलनायक थॅनोसनं त्याला उचलून आपटलं. खुराक कमी पडला का, असलं काही मनात आणू नका. नवा खलनायक भारी आहे हे दाखवायला कुणीतरी चितपट व्हावंच लागतं, आणि त्या दिवशी पाळी हल्कची होती. त्याच सिनेमात थॉरची कुऱ्हाड थॅनोसनं गोळा केलेल्या सहाही जादुई मण्यांचा झोत चिरत त्याच्याच छातीत रुतते. पुढच्या वर्षी 'एंडगेम'मध्ये थॅनोसचा २०१४ मधला जुना अवतार येतो. हातात एकही मणी नाही, तरी थॉर, आयर्न मॅन आणि कॅप्टन अमेरिका तिघांना पुरून उरतो. थॉरचं पोट सुटलं होतं, मान्य. बाकी दोघांचं काय, हे शेजारच्याला विचारून त्याचं तिकीट वाया घालवू नका.

"मूळ कॉमिक्समध्ये असं नाही" म्हणणारा एक जण भेटतोच. त्याच्यापुढं मान डोलवा. १९३८ साली सुपरमॅन आला तेव्हा त्याला उडताही येत नव्हतं. दोनशे मीटरची उडी मारायचा. आयर्विन पूल टाळून सांगलवाडी गाठण्यापुरती सोय! नंतर ताकद इतकी सुजली की १९८६ मध्ये कॉमिक्सचे लेखक-चित्रकार जॉन बर्न यांना ती छाटायला बसवावं लागलं. सिनेमावाले त्याच्याही पुढचे. १९७८ च्या सिनेमात प्रेयसी लोइस गेली म्हणून सुपरमॅननं पृथ्वीभोवती घिरट्या घालून काळच उलटा फिरवला.

स्वतःचा सुपरहिरो काढणार असाल, तर आकडा कुठंही छापू नका. मार्व्हलनं १९८३ पासून आपल्या हिरोंच्या ताकदीची माहिती देणारी हँडबुकं काढली, स्पायडरमॅन दहा टन उचलतो असं लिहून ठेवलं, आणि २००४ च्या सिनेमात त्यानं धावती ट्रेन अडवली. तुम्ही हिरोला आधी दोन-तीन भिंतींवर आपटून घ्या. किती टन उचलतो ते शेवटच्या दहा मिनिटांत बघू.