खुलासा : राज्याच्या बजेटला दिल्लीची मंजुरी लागत नाही

‘संसदेने मंजुरी दिल्याशिवाय राज्याच्या बजेटमधला पैसा सोलापूरला येणार नाही’ असा मेसेज शहरातल्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे. कृपया पुढे पाठवू नका.

खात्यांच्या अनुदान मागण्यांवर, म्हणजे कोणत्या खात्याला किती पैसा द्यायचा यावर, मतदान करते ती विधानसभा. सोलापूर जिल्ह्याचे 11 आमदार तिथेच बसतात. मग विनियोजन विधेयक, म्हणजे तो पैसा खर्चायची परवानगी देणारं विधेयक, येतं, आणि ते मंजूर झाल्याशिवाय राज्याच्या तिजोरीतून रुपयाही काढता येत नाही. विधान परिषद हे विधेयक फार तर 14 दिवस ठेवू शकते, अडवू शकत नाही.

संसदेकडे हे काम जातं ते राष्ट्रपती राजवटीत. मार्च 2025 मध्ये मणिपूरचं बजेट संसदेने मंजूर केलं, ते याच कारणाने. म्हणून रखडलेल्या रस्त्याचा जाब आधी आपल्या आमदारांना विचारा.